दाजींचं शिमग्याचं दुखणं

होळीचा खड्डा खणायला गावातली पोरं कुदळ-फावडी घेऊन निघाली, की आमच्या दाजींचं पोट दुखायला लागे. हे दुखणं वर्षातून एकदाच येई, पण आलं की पाहुण्यासारखं दोन-अडीच महिने मुक्काम ठोकी. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. नाव यशवंत, गाव मुरबाडहून सरळगावच्या रस्त्याने आत. होळीला सगळं गाव माळावर जमलेलं असताना हा गृहस्थ घरात चादर डोक्यावर ओढून पडलेला असे, नाहीतर कंपनीत दुसऱ्याची नाइट स्वतःहून मागून घेई. सणाच्या दिवशी दुसऱ्याची नाइट मागून घेणारा कामगार मुरबाडच्या एमआयडीसीत तेवढा एकच असावा.

होळी विझली तरी दुखणं हटत नसे, कारण पाठोपाठ राब भाजायचे दिवस येत. ज्यांनी आमच्याकडची भातशेती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाताची रोपं ज्या तुकड्यावर वाढवायची, तिथे शेण, वाळलेल्या फांद्या, पालापाचोळा आणि गवत यांचे थर रचायचे, वर माती पसरायची आणि पाऊस यायच्या आत ते भाजून काढायचं. याला राब म्हणतात. तण मरतं, राख जमिनीला मिळते. यात मेख एवढीच, की राब वाऱ्याच्या उलट पेटवायचा. वारा जिकडून येतो त्या टोकाला काडी लावायची नाही, जिकडे जातो त्या टोकाला लावायची. मग आग वाऱ्याशी भांडत सावकाश पुढे सरकते आणि खालची माती नीट भाजते. उलट केलं की आग वाऱ्याबरोबर पळत सुटते, माती कच्ची राहते आणि बांधावरचं गवत पेटतं. आमच्याकडे हे शाळेचं तोंड न पाहिलेल्यालाही कळतं.

या सगळ्या कामात दाजींचा वाटा शून्य. ताई शेणाच्या पाट्या डोक्यावरून वाहायची, फांद्या तोडायची, थर रचायची, पेटवायची आणि ओला टहाळ हातात घेऊन कडा झोडपत उन्हात उभी राहायची. दाजी त्या दिवशी मुरबाडला. कधी डॉक्टरकडे, कधी कंपनीत, कधी बँकेत. संध्याकाळी धूर विरला की येत आणि ओटीवर चपला काढत विचारत, "झालं का?" परक्या घरी लग्नाला आलेला माणूस जेवणं झाली का म्हणून विचारतो, त्या सुरात. ताईचा चेहरा काजळीने माखलेला असे. ती पाण्याचा तांब्या पुढे करी.

गावाला याची सवय होती. राबाचे दिवस आले की कुणीतरी हटकून म्हणायचं, "यशवंताला काडी देव नका रे." मग सगळे हसत. दाजीही हसत, पण नुसते दात दाखवून. मीही हसायचो. मला त्यात एक कामचोर माणूस दिसे आणि कामचोराला हसायला माझी कधीच हरकत नसते. माझं शहापुरात मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, जळलेल्या पंपांच्या मोटरी पुन्हा गुंडाळून देतो. दिवसभर अंग मोडून काम करणाऱ्याला पोटदुखीची बहाणेबाजी लगेच ओळखू येते, असा माझा समज होता.

दाजींचं तत्त्वज्ञान मात्र मोठं. कुणी दुःखाचं, काळजीचं बोलायला लागलं की ते हात झटकत आणि म्हणत, "मन-बिन काय नसतं रे, पोट असतं फक्त." शेजारच्या घरात तरणा मुलगा गेला, त्याची आई महिनाभर बोलेना, तेव्हाही हेच. "नाटकं हायत. भूक लागली की बोलेल." दुसरं आवडतं वाक्य म्हणजे, "मी असाच हाय, पटलं तर बघा." हे वाक्य म्हणणाऱ्या माणसांचा मला फार तिटकारा आहे. जणू काही हे तसे आहेत हा सरकारी आदेश आहे आणि बाकीच्यांनी त्यावर फक्त सही करायची आहे.

या 'असाच हाय'मध्ये काय काय बसे ते सांगतो. घरात चूल चालणार नाही. लग्न होऊन ताई गेली, त्याच वर्षी त्यांनी आईची चूल फोडून अंगणात फेकली आणि गॅस आणला. लोकांनी कौतुक केलं, सून नशिबाची म्हणून. पण गॅसवर दूध ठेवून ताई मागच्या दारी गेली की घर डोक्यावर घेत. झोपताना सिलिंडरचं बटण तीन-तीनदा फिरवून बघत. दिवाळीत फुलबाजी नाही, देवापुढे उदबत्ती नाही, दिवा लावला तर ताईने तो विझेपर्यंत समोर बसून राहायचं. माझी भाची स्नेहल सहावीत गेली तरी तिला चहा करता येत नव्हता, कारण काडेपेटीला हात लावायचा नाही. एकदा ती आमच्याकडे शहापूरला आली असताना माझ्या बायकोने तिला निरांजन पेटवायला सांगितलं. पोरीने काडी ओढली आणि पेटल्यावर इतकी दचकली की ती पायावर पाडली.

आणि आवाज. दाजींच्या रागाला कारण लागत नसे. ताट जरा आपटलं, दार वाऱ्याने वाजलं, पोरगी हाक मारल्यावर लगेच आली नाही, एवढं पुरे. कंपनीत सुपरवायझरने बोललेलं सगळं ऐकून घ्यायचे आणि घरी येऊन वड्याचं तेल वांग्यावर काढायचे. शिव्या द्यायचे, भांडी फेकायचे. तासाभराने काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने जेवायला बसत आणि भाजीला मीठ कमी आहे म्हणत. माफी हा शब्द त्या घरात आलाच नव्हता. ताईला मी अनेकदा म्हणालो, की चल, आपल्या घरी चल. ती म्हणायची, "हात तर नाय उचलत ना." आमच्याकडे चांगल्या नवऱ्याची व्याख्या इतक्या खाली आणून ठेवलेली आहे.

मग कंपनी बंद झाली. पत्र्याचे डबे बनवणारी कंपनी होती. मालकाने यंत्रं ट्रकात भरली आणि दुसऱ्या राज्यात नेली. वीस वर्षं काम केलेल्या माणसांना गेटवर चिकटवलेल्या कागदावरून कळलं. मालकाबद्दल काय बोलावं, तसली माणसं शिव्यांच्याही लायकीची नसतात. दाजी सेहेचाळीस वर्षांचे. या वयात नवीन ठिकाणी घ्यायला कुणी तयार नाही, आणि कंत्राटावर पोरांच्या हाताखाली काम करायला दाजी तयार नाहीत. ताई मुरबाडला एका केटररकडे चपात्या लाटायला जाऊ लागली. दाजी ओटीवर खुर्ची टाकून मोबाइल बघत बसू लागले.

आधी निदान आठ-दहा तास ते घराबाहेर असत. आता चोवीस तास घरात. झोप उडालेली, जेवण कमी, बोलणं म्हणजे ओरडणं. उन्हात वाळत घातलेल्या गोधडीवरून भांडण, कुत्रा भुंकला म्हणून भांडण. ताई कामावर गेल्यावर घरी स्नेहल आणि दाजी दोघंच. ताईचा फोन आला, "स्नेहलच्या पोटात दुखतं रे. रोज शाळा सुटायच्या वेळी. बाई सांगतात, घंटा झाली की पोट धरून बसते, घरी जायला नको म्हणते." मी म्हणालो, "बापावर गेली." हे मी चेष्टेत म्हटलं नव्हतं. माझ्या डोक्यात तेव्हाच काहीतरी खटकलं, पण काय ते नीट कळलं नाही. एवढं मात्र समजलं, की ही पोरगी त्या घरात अशीच राहिली तर तिचंही आयुष्य पोट धरून बसण्यात जाणार.

सल्ला देणारे मात्र पुष्कळ मिळाले. कुणी स्नेहलला भगताकडे नेलं. त्याने तांदूळ टाकून पाहिले, बाहेरची बाधा सांगितली आणि एक कोंबडा पचवला. गावातले निवृत्त गुरुजी ओटीवर येऊन पाय पसरत आणि म्हणत, "पोरगी लाडावलीय. आमी काय कमी मार खाल्ला? आमचं काय बिघडलं?" या गुरुजींची दोन्ही मुलं कल्याणला राहतात आणि बापाचा फोन उचलत नाहीत. आमचं काय बिघडलं असं विचारणाऱ्या माणसाला खरं उत्तर द्यायचं धाडस कुणी करत नाही, म्हणून तो ते विचारत राहतो.

यंदा होळी आली. दाजी चादर घेऊन पडले. त्यानंतर राब आला. कंपनी नव्हती, नाइट नव्हती, बँकेत काही काम उरलं नव्हतं. ताईने केटररकडे एक दिवसाची सुट्टी घेतली होती आणि मजुरीवर बाई मिळत नव्हती. ती पहिल्यांदाच दाजींना म्हणाली, "यंदा तुमी यायचं. नायतर राब होणार नाय." मीही त्या दिवशी मुद्दाम शहापूरहून गेलो होतो, अर्धा मदतीला आणि अर्धा दाजींची गंमत बघायला. दाजी आले. बांधावर उभे राहिले, राबाकडे पाठ करून. चेहरा पांढरा पडलेला, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. शेजारच्या शेतातून नेहमीचं वाक्य आलंच, "यशवंताला काडी देव नका रे." ताईने वारा बघितला, योग्य टोकाला काडी लावली, आणि धूर वर यायला लागला.

स्नेहल मागून गवताचा भारा घेऊन येत होती. राबाची एक कड उघडी पडली होती, तिथे टाकायला. ती जेमतेम चार हातांवर पोचली असेल. दाजी वळले, त्यांनी तिला पाहिलं आणि धावले. मला वाटलं मागे ओढणार. त्यांनी ओढलं, आणि मग मारलं. एकदा नाही. "तुला सांगितलं ना, सांगितलं ना," असं म्हणत उघड्या हाताने कानावर, डोक्यावर, पाठीवर. मी आणि ताईने धरून बाजूला केलं तेव्हा पोरीच्या कानातून रक्त येत होतं. आम्ही धरून ठेवलेले दाजी काहीतरी बोलत होते. शब्द होते, "मी नाय लावला. मी नाय लावला."

कानाचा पडदा फाटला होता. शहापूरच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, वय लहान आहे, भरून येईल. ताई तिला घेऊन आमच्याच घरी राहिली. तिने या वेळी 'हात तर नाय उचलत' म्हटलं नाही. ती म्हणाली, "मी परत जायचं का नाय ते मी बघीन. पण ही त्या घरात जायची नाय." स्नेहल दिवसभर भिंतीकडे तोंड करून झोपलेली असे. संध्याकाळी शाळा सुटायच्या वेळी, शाळा नसतानाही, तिचं पोट दुखे. तिच्याकडे बघून दाजींना काय करावं याचे मी मनात निरनिराळे बेत करत असे. ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

तिसऱ्या दिवशी माझ्या दुकानात बेबीताई आली. ही दाजींची धाकटी बहीण. मुरबाडच्या एसटी स्टँडजवळ तिची पोळी-भाजीची गाडी आहे. ठसठशीत बाई, तोंडाने फटकळ. मानेपासून डाव्या कोपरापर्यंत कातडी भाजलेली, गोळा झालेली. मी ती लहानपणापासून तशीच पाहत आलो होतो. चुलीवर भाजली असेल असं धरून चाललो होतो. तिने स्टुलावर बसून पाणी मागितलं आणि सरळ विषयाला हात घातला.

"राबात भाजले मी," ती म्हणाली. "वर्षाची पण नव्हते. यशादादा सात वर्षांचा. आई पाण्याला गेल्ती, मला बांधावरच्या झाडाला झोळीत टांगून. बापाला ताडीची घाई. त्यानं काडेपेटी दादाच्या हातात दिली, ह्या टोकाला लाव बोल्ला, आन् निघून गेला. टोक उलटं. वारा पाठीशी. सात वर्षांच्या पोराला काय कळतं? बाप बोल्ला तिथं लावली त्यानं. आग पळाली, गवत पेटलं, झोळी पेटली."

मी विचारलं, "आणि मग?"

"मग काय. बाप आला. सगळा गाव जमलेला. त्यांच्यासमोर बोल्ला, पोरानं खेळता खेळता लावला. आन् मारला त्याला, बेशुद्ध होईस्तोवर. दरवर्षी राब आला की त्याला कडेला उभा करायचा, विझेपर्यंत. बघ बोलायचा, तुझं काम बघ. बाप मेला तेव्हा दादाची दहावी झाल्ती. तवर दरवर्षी." तिने पदराने तोंड पुसलं. "आईनं ऐकल्तं बाप दादाला कुठलं टोक बोल्ला ते. ती कळशी घेऊन वळत व्हती. पण नवऱ्याचं तोंड कोण धरणार? मला तिनं सांगितलं मरताना."

मी म्हणालो, "बेबीताई, तू हे दाजींना सांगितलं नाहीस?"

"मला वाटलं त्याला ठावं हाय. लावली त्यानं, त्याला ठावं नसणार? गावात अर्ध्या म्हाताऱ्यांना पण ठावं हाय, बापानंच लावायला सांगितल्तं ते. ठावं असलेलं कोण सांगत बसतं?" मग ती जे बोलली ते तिच्याच तोंडी शोभणारं होतं. "भाजले मी. उन्हाळ्यात खाज मला सुटते. लग्न माझं मोडलं. आन् पळतो हा. मला पण राग येतो रे त्याचा."

मला त्या गावाची जी किळस आली ती अजून गेलेली नाही. सात वर्षांच्या पोरावर खोटा आळ घातलेला माहीत असलेली माणसं पुढे चाळीस वर्षं दर उन्हाळ्यात 'यशवंताला काडी देव नका' म्हणून हसत होती. हीच माणसं पालखीपुढे नाचतात, कुणी मेलं की सांत्वनाला येतात आणि संस्कारांवर बोलतात.

मोटरसायकलवर बेबीताईला मागे बसवून मी किन्हवलीच्या रस्त्याने गावात गेलो. दाजी ओटीवर होते, दाढी वाढलेली. बहिणीला पाहून त्यांनी नेहमीप्रमाणे नजर दुसरीकडे फिरवली. बेबीताईने पदर बाजूला करून हात त्यांच्या पुढ्यात धरला.

"बघ. आज बघ. बापानं सांगितलेल्या टोकाला लावलास तू. आई बोल्ली मला. तिनं ऐकल्तं."

"जुनं उकरू नको," दाजी म्हणाले.

"उकरणार. बाप खोटं बोल्ला."

"मी खेळत व्हतो, बेबी. मला आठवतं."

"तुला बापाचं बोलणं आठवतं," बेबीताई म्हणाली. "दरवर्षी ऐकलंस ना."

 दाजी उठले, चहा टाकतो म्हणून आत गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. आम्ही आत गेलो तर गॅसपुढे लायटर हातात धरून उभे होते. बेबीताईने लायटर काढून घेतला आणि चहा केला. मला त्या वेळी दया आली, पण ती त्या सात वर्षांच्या पोराची. समोर उभ्या असलेल्या सेहेचाळीस वर्षांच्या माणसाची नाही आली. त्याच्याकडे बघताना मला स्नेहलचा कान दिसत होता. मी ते त्यांच्या तोंडावर सांगितलंसुद्धा, "दाजी, बापानं तुमच्यावर केलं ते वाईट केलं. तुम्ही तेच उचलून पोरीवर घातलं. तुमच्यात नि त्यांच्यात फरक काय?" बेबीताई म्हणाली, "असू दे रे." मी म्हणालो, असू दे असू दे म्हणूनच इथवर आलं.

ठाण्याला मनाच्या आजारांच्या डॉक्टरकडे त्यांना बेबीताईनेच नेलं, हात धरून. मी सोबत होतो. दाजी वाटभर कुरकुरत होते, "मला काय येड लागलंय? लोक काय बोलतील?" लोक चाळीस वर्षं काय बोलत होते हे मी त्यांना ऐकवलं. डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की लहानपणी बसलेली भीती अंगात राहते. दिवस बरे असले की माणूस ती निभावून नेतो, नोकरी जाते, झोप जाते, मान जातो, तेव्हा ती वर येते. जुनं आणि नवं एकत्र होतं आणि मग समोर कोण आहे हेही कळत नाही. मला हे लगेच पटलं. जळलेली मोटर घेऊन येणारा प्रत्येकजण सांगतो, काल व्होल्टेज वर गेलं म्हणून जळली. उघडून बघावं तर आतल्या तारेवरचं वेष्टण कधीचंच खराब झालेलं असतं. कालचं व्होल्टेज चांगल्या मोटरीने सोसलं असतं.

पण त्याच बाईंनी आणखी एक सांगितलं आणि ते मला जास्त आवडलं. दाजी म्हणाले, "म्हंजे मी मुद्दाम नाय मारलं, बरोबर?" एवढं ज्ञान घेऊन या माणसाने पहिली पळवाट शोधली ती ही. बाई म्हणाल्या, "हे का झालं ते आपण शोधतोय. कुणी केलं ते ठरलेलं आहे."  बाईंनी गोळ्या दिल्या, दर पंधरवड्याला बोलायला यायला सांगितलं. दुसऱ्या खेपेला दाजींचं पोट दुखलं. बेबीताईने गाडी बंद ठेवून त्यांना तसंच एसटीत बसवलं.

ताईने तिचं म्हणणं आधीच सांगून टाकलं होतं. डॉक्टरकडे जायचं, गोळ्या चुकवायच्या नाहीत, मिळेल ते काम धरायचं. रविवारी शहापूरला येऊन पोरीला भेटायचं, तिला भेटायचं असेल तर. ती घरी कधी येईल ते तीच सांगेल, आणि नाही म्हणाली तर नाही. दाजींनी पहिल्यांदा "माझीच पोरगी" वगैरे सुरू केलं. ताई म्हणाली, "तुमची हाय म्हणून मारायला मिळाली." पंचवीस वर्षं मी जे बोलू शकलो नाही ते माझ्या बहिणीने एका वाक्यात उरकलं. मला तिचा अभिमान वाटला.

दाजी सरळगावला एका हार्डवेअरच्या दुकानात गोदाम सांभाळायला लागले. रविवारी यायचे. खुर्चीच्या कडेवर बसत, माझ्या बायकोने दिलेला चहा पीत, पंख्याकडे बघत. स्नेहल आतल्या खोलीतून बाहेर येत नसे. तिचं नाव आमच्या शहापूरच्या शाळेत घातलं होतं आणि घंटेनंतरची पोटदुखी हळूहळू कमी होत होती. मी दाजींशी हवापाण्याचं बोले, तेही नाइलाजाने. ते आले की मला घराला कुलूप लावून बाहेर जावंसं वाटे. बायको दटावायची म्हणून बसायचो.

पाऊस ओसरून भातं पोटरीला आली होती तेव्हाचा एक रविवार. स्नेहल आपण होऊन बाहेर आली. हातात पाण्याचा पेला. दाजींपासून लांब, दाराला टेकून उभी राहिली. दाजी तिच्याकडे न बघता म्हणाले, "स्नेहल, त्या दिवशी तुझं काय चुकलं नव्हतं. मी मारलं. चूक माझी व्हती." हे वाक्य डॉक्टर बाईंनी शिकवलं असेल किंवा नसेल. पाठ करून आले असावेत असं मला वाटलं, इतकं सरळ म्हणाले.

स्नेहलने पेला टीपॉयवर ठेवला. "मला माहिताय," ती म्हणाली, आणि आत अभ्यासाला निघून गेली.

दाजी त्या दाराकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून, विश्वास बसत नसल्यासारखे म्हणाले, "तिला म्हायताय."

"सातवीत आहे ती," मी म्हणालो. "आणि तिच्या आईने पहिल्या दिवसापासून सांगितलंय."

त्यांनी पेला उचलला, पण पाणी प्यायले नाहीत. थोड्या वेळाने हलक्या आवाजात म्हणाले, "सांगितल्याबिगर सात वर्षांच्या पोराला नाय कळत रे ते."

दाजींबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. मी त्यांना माफ केलेलं नाही, आणि ते माझ्या हातातही नाही. पण त्या दिवशी ते उठेपर्यंत मी त्यांच्यासमोर बसून राहिलो.